स्वस्त साधनालाच जबाबदारी जास्त लागते

प्रश्न असा आला आहे: "मी गेली १५ वर्षं अमेरिकेत नोकरी करतो, नियमाने कर भरतो. दोन सज्ञान माणसांनी काय करावं हा त्यांचा खाजगी मामला, हे मला मान्य आहे. मग त्यांच्या गोळ्यांचा आणि कॉपर-टीचा खर्च माझ्या करातून का? वैयक्तिक जबाबदारी नावाची काही गोष्ट उरली आहे की नाही?"

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. अमेरिकेतच, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कुटुंबनियोजनाच्या दवाखान्यात वीसेक वर्षं काम केलं आहे. त्यामुळे या वादात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते. पण तुमचा प्रश्न मला वावगा वाटत नाही. ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याने हिशेब मागावाच. माझी तक्रार फक्त एवढीच आहे, की या वादात 'जबाबदारी' हा शब्द सगळे वापरतात, पण जबाबदारीने वागायचं म्हणजे रोज उठून नेमकं काय करायचं, हे फारसं कोणी बघत नाही. ते मी बघितलं आहे.

आधी पैशाचं बघू, कारण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्या जातात.

पहिली म्हणजे टायटल टेन, कमी उत्पन्नाच्या लोकांच्या कुटुंबनियोजनासाठी केंद्राचं अनुदान. हा कायदा १९७० च्या डिसेंबरमध्ये रिचर्ड निक्सन यांच्या सहीने झाला. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, तो पुढे रेटणाऱ्यांत टेक्सासचे रिपब्लिकन प्रतिनिधी जॉर्ज बुश होते, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. केवळ ऐपत नाही म्हणून कुठल्याही अमेरिकन स्त्रीला कुटुंबनियोजनाची मदत नाकारली जाऊ नये, असं निक्सन यांनी १९६९ मध्येच काँग्रेसला कळवलं होतं. या योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सेवा फुकट मिळते, आणि रेषेच्या अडीचपट उत्पन्नापर्यंत ऐपतीप्रमाणे सवलत मिळते. गेली बरीच वर्षं या योजनेला वर्षाकाठी साधारण २८.६ कोटी डॉलर मिळतात. देशाच्या लोकसंख्येने भागलं तर दरडोई वर्षाला एक डॉलरसुद्धा होत नाही. दुसरी गोष्ट मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, आणि सरकारी खर्चाचा मोठा वाटा तिचाच आहे. १९७२ पासून मेडिकेडमध्ये कुटुंबनियोजन सक्तीचं आहे आणि त्यातले ९० टक्के पैसे केंद्र सरकार देतं.

तिसरी गोष्ट २०१० च्या आरोग्य विमा कायद्याची. २०१२ पासून बहुतेक खाजगी विमा योजनांना गर्भनिरोधक साधनं वेगळे पैसे न घेता द्यावी लागतात. सगळ्यांत जास्त आरडाओरडा झाला तो याच कलमावर; हॉबी लॉबी कंपनीचा खटला २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तोही याच्यावरच. पण यात थेट कराचा पैसा नसतो. तो विम्याच्या हप्त्यातून येतो, आणि हप्ता म्हणजे त्या बाईने नोकरीत कमावलेल्या मोबदल्याचाच भाग. "माझ्या करातून फुकट गोळ्या" म्हणणाऱ्या पुष्कळ लोकांच्या मनात खरं तर हे तिसरं प्रकरण असतं.

आणि एक खुलासा लगेच करते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. टायटल टेनच्या कायद्यात पहिल्या दिवसापासून कलम आहे, की गर्भपात हे कुटुंबनियोजनाचं साधन म्हणून जिथे वापरलं जातं त्या कार्यक्रमाला हा पैसा देता येणार नाही. मेडिकेडला तशीच बंदी १९७६ च्या हाइड दुरुस्तीने घातली, काही मोजके अपवाद ठेवून. आपण बोलतोय ते गर्भ राहू नये म्हणून केलेल्या खर्चाबद्दल.

आता दवाखान्यात या.

माझ्याकडे एक बाई आली होती. वय २६, दोन मुलं, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करण्याची नोकरी. पगार मेडिकेडच्या मर्यादेच्या जरासा वर, त्यामुळे मेडिकेड नाही, आणि मालकाकडून विमाही नाही. ती एका दुसऱ्या डॉक्टरकडून गोळ्या लिहून घेऊन स्वतःच्या पैशाने विकत घेत होती. चाचणी सकारात्मक आली तेव्हा ती रडली नाही, चिडली. "मी एकही गोळी चुकवलेली नाही," म्हणाली आणि पर्स उघडून तीन रिकामी पाकिटं टेबलावर ठेवली. प्रत्येक पाकिटाच्या मागे तिने पेनाने तारीख लिहिली होती, सुरू केल्याची. फोनवर रोज रात्री साडेनऊचा गजर लावलेला होता, तोही दाखवला.

मी त्या तारखा एकाखाली एक लिहिल्या. पाकीट २८ दिवसांचं असतं. तिच्या तारखांमध्ये अंतर होतं ३१ दिवसांचं आणि ३२ दिवसांचं. पाकीट संपलं की पगार होईपर्यंत ती थांबायची, कारण दुकानात एका वेळी एकच पाकीट मिळायचं आणि त्याचे पैसे महिन्याच्या त्या टोकाला हातात नसायचे.

यात काय बिघडतं ते समजून घ्या. अशा पाकिटात बहुधा २१ गोळ्या औषधाच्या असतात आणि शेवटच्या ७ नुसत्या साखरेच्या. त्या ७ दिवसांत पाळी येते. बीजकोश त्या ७ दिवसांत हळूहळू जागा व्हायला लागतो, आणि नव्या पाकिटाची पहिली गोळी त्याला पुन्हा शांत करते. नवं पाकीट चार दिवस उशिरा सुरू झालं की औषधाविना ११ दिवस जातात, आणि तेवढ्या काळात बीज सुटू शकतं. म्हणजे महिन्याच्या मध्यावर एखादी गोळी विसरण्यापेक्षा सुरुवातीच्या गोळ्यांचा उशीर जास्त घातक. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती म्हणत होती ते खरंच होतं: हातात असलेली एकही गोळी तिने चुकवली नव्हती. पुढे तिने काय ठरवलं ते तिचं आहे, ते मी इथे लिहिणार नाही.

आता मला सांगा, यात जबाबदारी कुठे कमी पडली? गजर, तारखा, स्वतःचा पैसा, सगळं होतं. मी स्वतः इतकी काटेकोर औषधं कधी घेतलेली नाहीत.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. गर्भनिरोधक साधनांच्या बाबतीत किंमत आणि शिस्त यांचं नातं उलटं आहे. जे साधन हातात घेताना स्वस्त पडतं त्याला रोजची शिस्त जास्तीत जास्त लागते. ज्याला शिस्त जवळजवळ लागतच नाही त्याचे पैसे एकदम मोजावे लागतात. निरोध अगदी बिनचूक वापरला तर वर्षात शंभरातल्या दोघींना दिवस जातात. माणसं प्रत्यक्षात जसा वापरतात तसा धरला तर १३ जणींना. गोळी बिनचूक घेतली तर शंभरात एकीलाही नाही, प्रत्यक्षात सात जणींना. कॉपर-टी बसवली तर बिनचूक काय नि प्रत्यक्षात काय, आकडा जवळजवळ एकच, शंभरात एकीहून कमी, कारण त्यात चुकायला जागाच नाही. दंडात त्वचेखाली बसवायच्या, हळूहळू औषध सोडणाऱ्या काडीचंही तसंच. कॉपर-टी दहा वर्षं चालते. वर्षांनी भागलं तर ती सगळ्यांत स्वस्त साधनांपैकी एक ठरते. पण विमा नसेल तर साधन आणि बसवणं मिळून अमेरिकेत हजार डॉलरच्या पुढे बिल जाऊ शकतं, आणि ते एका दिवसात भरायचं असतं.

म्हणून "ज्याचं त्याने बघावं" असं आपण म्हणतो तेव्हा व्यवहारात काय होतं? पैसेवाल्या बाईला चूक माफ करणारं साधन मिळतं. जिची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, जिच्या घरात दोन लहान मुलं आहेत, तिच्या वाट्याला एकही चूक माफ न करणारं साधन येतं. मग तिला दिवस गेले की आपण तिलाच जबाबदारीवर व्याख्यान देतो. २०११ ची आकडेवारी बघा: त्या वर्षी अमेरिकेतल्या एकूण गर्भधारणांपैकी ४५ टक्के अनियोजित होत्या, आणि दारिद्र्यरेषेखालच्या स्त्रियांमधलं प्रमाण सुस्थितीतल्या स्त्रियांच्या पाचपटीहून जास्त होतं. गरीब बायका पाचपट बेजबाबदार असतात असं मला तरी वीस वर्षांत दिसलेलं नाही.

किमतीचा अडथळा काढला तर काय होतं, हे सेंट लुईस शहरात करून पाहिलं आहे. २००७ ते २०११ या काळात ९ हजारांहून जास्त स्त्रियांना सगळी साधनं नीट समजावून सांगितली आणि जे हवं ते फुकट दिलं. त्यातल्या साधारण तीन-चतुर्थांश जणींनी कॉपर-टीच्या जातीचं साधन किंवा दंडातली काडी निवडली. एरवी त्या काळात देशात हे प्रमाण फारच थोडं होतं. गोळी, त्वचेवर चिकटवायचा पॅच किंवा योनीत ठेवायची रिंग वापरणाऱ्यांमध्ये गर्भ राहण्याचं प्रमाण या दीर्घ मुदतीच्या साधनांच्या जवळजवळ वीसपट निघालं. कोलोरॅडोने २००९ पासून हेच राज्यभरातल्या टायटल टेन दवाखान्यांत केलं, आणि तेही एका खाजगी देणगीवर. पाच वर्षांत तिथे किशोरवयीन मुलींची बाळंतपणं आणि गर्भपात दोन्ही साधारण निम्म्यावर आले.

यावर तुम्ही शंका काढाल, आणि ती रास्त असेल: सेंट लुईसमध्ये ज्या बायका आल्या त्या स्वतःहून आल्या, आणि किशोरवयीन बाळंतपणं त्या काळात देशभरच कमी होत होती. खरं आहे. सगळं श्रेय फुकट साधनांना देता येत नाही. म्हणून मला टेक्सासचं उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे उलटं घडलं. २०१३ पासून टेक्सासने आपल्या महिला आरोग्य योजनेतून, गर्भपाताचीही सेवा देणाऱ्या प्लॅन्ड पेरेंटहूड या संस्थेशी संलग्न दवाखाने वगळले. ज्या काउंटींमध्ये (जिल्ह्यांमध्ये) ते दवाखाने होते तिथे दीर्घ मुदतीच्या साधनांचे आणि तीन महिन्यांच्या इंजेक्शनचे, योजनेकडे पैशांसाठी आलेले दावे एक-तृतीयांशाच्या आसपास घटले. जिथे इंजेक्शन घ्यायच्या तो दवाखाना योजनेतून गेला, त्या बायकांमध्ये मेडिकेडच्या खर्चाने झालेली बाळंतपणं २७ टक्क्यांनी वाढली. त्या दर तीन महिन्यांनी इंजेक्शनला हजर राहणाऱ्या बायका होत्या. त्यांचा स्वभाव त्या वर्षी बदलला नाही, दवाखाना बदलला. आणि बाळंतपणाचा खर्च शेवटी करदात्यानेच केला.

जबाबदारीचा उपदेश करायलाही अमेरिकेने कराचा पैसा खर्च केला आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. १९९६ च्या कायद्याच्या नावातच 'वैयक्तिक जबाबदारी' हे शब्द आहेत. त्या कायद्याने लग्नापर्यंत संयम शिकवणाऱ्या कार्यक्रमांना वर्षाला ५ कोटी डॉलर दिले. काँग्रेसनेच सांगितलेल्या मूल्यमापनाचा अहवाल २००७ मध्ये आला: ज्यांनी ते शिक्षण घेतलं आणि ज्यांनी घेतलं नाही, त्या मुलामुलींच्या वागण्यात फरक नव्हता. संयम हे वाईट मूल्य आहे असं मी म्हणत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलींनाही मी सांगत असे, की नाही म्हणायचं असेल तर म्हण. पण सरकारी पैशाने शिकवलेला संयम उपयोगी पडला नाही, हे करदात्याला माहीत असावं.

त्याआधीचा इतिहास तर याहून बोलका आहे. १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने गर्भनिरोधक साधनंच नव्हे, त्यांची माहितीसुद्धा टपालाने पाठवणं गुन्हा ठरवला. १९१६ मध्ये मार्गारेट सँगर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये काढलेलं संततिनियमनाचं केंद्र पोलिसांनी दहाएक दिवसांत बंद पाडलं. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत केंद्र काढलं आणि त्यापायी नोकरी घालवली, ते याच सुमाराचं. कनेटिकटमध्ये विवाहित जोडप्याने साधन वापरणंही १९६५ पर्यंत बेकायदा होतं. अविवाहितांचा हक्क तर १९७२ मध्ये मान्य झाला. तेव्हाचे टपाल निरीक्षक, पोलीस, तुरुंग हे सगळं करातूनच चालत होतं. लोकांनी जबाबदारीने वागू नये यासाठी सरकारने जवळजवळ शंभर वर्षं पैसे खर्च केले.

आता थोडं माझ्याच बाजूच्या लोकांविरुद्ध बोलते. "एक डॉलर खर्चला की सरकारचे सात डॉलर वाचतात" हा हिशेब आमच्या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. २०१० च्या आकड्यांवरून तो काढलेला आहे आणि चुकीचा नाही. तरी मला तो सांगताना बरं वाटत नाही. वाचलेले सात डॉलर कुठून आले? न झालेल्या बाळंतपणांतून आणि त्या मुलांवर न झालेल्या खर्चातून. गरिबाचं मूल म्हणजे खर्च, असं एकदा मनात बसलं की त्याच हिशेबाने पुढचं पाऊलही टाकता येतं, आणि अमेरिकेने ते टाकलं आहे. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बक विरुद्ध बेल खटल्यात सक्तीची नसबंदी वैध ठरवली. नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या सुप्रजनन (युजेनिक्स) मंडळाने १९७४ पर्यंत साडेसात हजारांच्या आसपास लोकांची नसबंदी केली. १९७३ मध्ये अलाबामात केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या दवाखान्याने रेल्फ घराण्यातल्या दोन कृष्णवर्णीय बहिणींची नसबंदी केली. एक बारा वर्षांची, एक चौदा. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने कागदावर फुली मारली, मुलींना नेहमीची इंजेक्शनं देणार आहेत असं समजून.

त्या प्रकरणानंतर आलेला नियम माझ्या टेबलावर रोज असे. मेडिकेडच्या पैशाने नसबंदी करायची तर बाई २१ वर्षांची पाहिजे, संमतीचा कागद किमान ३० दिवस आधी सही झालेला पाहिजे आणि १८० दिवसांहून जुना नको. या नियमाचा जाचही मी पाहिला आहे. चौथं बाळंतपण झालेली, विचार पक्का असलेली बाई कागद घरी विसरते किंवा सही २५ दिवसांपूर्वीची निघते, आणि तिला नसबंदीविना घरी पाठवावं लागतं. खाजगी विमा असलेल्या बाईला असली आडकाठी नसते. तरीही तो नियम का आला हे मी माझ्या शिकाऊ डॉक्टरांना दरवर्षी सांगत असे.

म्हणून करदात्याने एक अट घालावी असं मला मनापासून वाटतं, आणि ती अट बायकांवर नको, पैसे वाटणाऱ्यांवर हवी: दिलेलं साधन काढून घ्यायला बाई कधीही आली तर ते त्याच दिवशी, फुकट, कारण न विचारता काढलं गेलं पाहिजे. कॉपर-टी काढणं तसं सोपं असतं. गर्भाशयाच्या तोंडाशी दोन बारीक दोरे दिसतात, ते चिमट्यात धरून सावकाश ओढायचे. बहुतेक वेळा मिनिटसुद्धा लागत नाही. तरी माझ्याकडे एक मुलगी आली होती, जिला दुसऱ्या एका ठिकाणी "तीनच महिने झालेत, एवढं महाग साधन आहे, जरा कळ काढ" असं सांगून दोनदा परत पाठवलं होतं. तिला रोज रक्त जात होतं. दुसऱ्या एकीला बाळंतपणानंतर मेडिकेडच्या पैशाने काडी बसवली, दोन महिन्यांनी तिचं मेडिकेड संपलं, आणि काढायचे पैसे तिने स्वतः भरायचे असं निघालं. आता बहुतेक राज्यांनी ती मुदत वर्षभरावर नेली आहे. पण बसवायला पैसे आहेत आणि काढायला नाहीत, अशी योजना जिथे असेल तिथे तिच्याविरुद्ध मी तुमच्याबरोबर उभी राहीन.

पुरुषांबद्दल थोडक्यात. जबाबदारी दोघांची, असं सगळे म्हणतात. पण २०१० च्या कायद्याखाली पुरुष नसबंदी विम्यातून मोफत देण्याची केंद्राची सक्ती नाही. ती शस्त्रक्रिया स्त्रीच्या नसबंदीपेक्षा सोपी, स्वस्त आणि कमी धोक्याची आहे. वैयक्तिक जबाबदारीचा आग्रह धरणाऱ्यांनी या मागणीत पुढे असायला हवं होतं.

तुमची हरकत धर्माच्या किंवा सद्सद्विवेकाच्या जागेवरून असेल तर तिच्याशी मी वाद घालणार नाही. ती आकड्यांनी सुटत नाही. पण तुम्ही लिहिलं आहे त्यावरून तुमचा मुद्दा तो दिसत नाही. तुम्हाला पैसा वाया जायला नको आहे. तर मग प्रश्न 'द्यायचा की नाही' इथे सोडून थोडा पुढे न्या. कॅलिफोर्नियात सरकारी योजनेतल्या ८४ हजार बायकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की ज्यांना एकदम वर्षभराच्या गोळ्या दिल्या त्यांच्यात अनियोजित गर्भधारणेची शक्यता, एक किंवा तीन पाकिटं नेणाऱ्यांपेक्षा ३० टक्क्यांनी कमी होती. गोळी तीच, बाई तशीच, फक्त दर महिन्याची खेप वाचली. ओरेगॉनने २०१५ मध्ये विमा कंपन्यांना वर्षभराचा साठा देणं बंधनकारक केलं, नंतर इतर काही राज्यांनीही केलं. २०२४ पासून एक गोळी चिठ्ठीशिवाय दुकानात मिळते, महिन्याला २० डॉलरच्या आसपास. ज्यांना २० डॉलर काढणं शक्य आहे त्यांचा प्रश्न त्याने बराच सुटला.

तुमच्या राज्यात सरकारी योजनेतली बाई एका वेळी किती पाकिटं घरी नेऊ शकते, आणि साधन काढायचे पैसे कोण देतं, हे तुमच्या प्रतिनिधीला पत्र लिहून विचारा. त्या २६ वर्षांच्या बाईच्या पाकिटांवर ३१ आणि ३२ दिवसांची जी अंतरं होती, ती सरकारी योजनेबाहेर, दुकानात एका वेळी एकच पाकीट मिळत असल्यामुळे आणि पुढच्याचे पैसे पगारापर्यंत हातात नसल्यामुळे पडली होती.